जळालेल्या जंगलात मुलांना नेताना

गेल्या वर्षी वणवा लागून गेलेल्या पाइनच्या जंगलात नववीच्या मुलांना घेऊन गेलो. सगळं खाक झालेलं पाहायला मिळणार, अशी मुलांची खात्री. पण काळ्या खोडांच्या पायथ्याशी गवत उगवलेलं, आणि थोडं पुढे तर आग न लागलेल्या झाडांचा अख्खा पट्टा. वारा, उतार, ओलावा बदलला की आगीचा जोरही बदलतो. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये १९८८ साली उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग वणव्यांच्या तडाख्यात सापडला, तिथंही असंच ठिगळाठिगळांचं जंगल उरलं होतं.

मुलांना फार चालवू नका. सुतळीनं मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन आखा आणि चौघाचौघांना त्याच्याभोवती बसवा. दहा मिनिटं कुरकुर होते, मग रोपं सापडायला लागतात. कोणतं बियाण्यातून आलंय आणि कोणता जुन्या मुळाचा फुटवा, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. जमिनीत काही सेंटिमीटर खाली आगीची धग बरीच कमी होते, म्हणून मुळं वाचतात. काही जातींच्या पाइनचे शंकू तर राळेनं बंद असतात. झळ लागून राळ वितळली की बी बाहेर पडतं.

सगळ्यात रंगला तो ड्रॉपरचा प्रयोग. राख अलगद बाजूला सारून मातीवर पाण्याचा थेंब सोडायचा आणि सेकंद मोजायचे. पाचाच्या वर गेले, तर माती पाणी झिडकारतेय. पालापाचोळा जळताना निघालेली मेणचट द्रव्यं वाफेच्या रूपात खाली उतरून गार मातीच्या कणांवर बसतात, त्याचा हा परिणाम. एका जागी थेंब लगेच जिरला, हातभर अंतरावर चकाकत तसाच राहिला. पावसात उतारावरची माती का वाहून जाते, हे मग वेगळं शिकवावं लागलं नाही.

वनखात्याची परवानगी आधीच काढा आणि वाट कोणती धरायची तेही त्यांनाच विचारा. उभी मेलेली झाडं कधीही कोसळतात. त्यांच्याखाली डबे उघडायचे नाहीत, वारा सुटला की मुकाट्यानं परत फिरायचं. मुळं जळून जमिनीत पोकळ्या झालेल्या असतात, म्हणून पुढे चालणाऱ्याच्या हातात काठी हवीच. राख उडते, त्यामुळे दम्याचा त्रास असलेल्या मुलांच्या पालकांशी आधी बोला. कपडे जुनेच घाला. पांढरा शर्ट घालून आलेल्याचं काय झालं ते सांगायला नको. चौकोनांच्या जागा नकाशावर टिपा, म्हणजे पुढच्या तुकडीला तिथंच पुन्हा मोजणी करता येईल.