धावत आलेलं पिल्लू तुमचंच असतं असं नाही

माझ्याकडे कुत्र्याचं पिल्लू बघायला आलेले लोक चपला काढता काढताच सांगतात, "जे आपणहून जवळ येईल ते आमचं." ऐकायला गोड वाटतं. पण तुमच्याकडे धावत आलेलं पिल्लू सकाळी दूधवाल्याकडेही असंच धावत गेलेलं असतं आणि सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाच्या पायातही घुटमळलेलं असतं. त्यानं तुम्हाला निवडलेलं नसतं, त्याचा स्वभावच तो. त्या स्वभावाचं पिल्लू आपल्या घरात नीट राहील का, हे मात्र त्या घाईत कुणी विचारत नाही. म्हणून माझ्याकडून कुठलं पिल्लू कुठल्या घरी जाणार ते मी ठरवते. त्यावरून काही जण रागावून परत गेले आहेत, आणि तरीही माझा हट्ट कायम आहे.

यंदाची पिल्लं राणीची. राणी म्हणजे नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या बाजूच्या एका अर्धवट इमारतीत राहणारी तांबूस कुत्री. ती जिन्याखाली व्याली, म्हणून तिला पिल्लांसकट घरी आणलं. दोन नर, तीन माद्या. सगळी तांबडी, त्यामुळे गळ्यात लोकरीचे रंगीत दोरे बांधले आणि तीच नावं पडली: लाल्या, हिरव्या, निळी, पिवळी, जांभळी. (पिल्लं भराभर वाढतात, दोरा रोज सैल करून बघावा लागतो.)

स्वभाव बघायची माझी पद्धत अमेरिकेतल्या जोकिम आणि वेंडी व्होलहार्ड या जोडप्याच्या चाचणीवर बेतलेली आहे. पिल्लू साधारण 49 दिवसांचं झालं की ती करतात. दहा छोटे प्रसंग असतात आणि प्रत्येकाला 1 ते 6 यांपैकी एक आकडा. 1 म्हणजे फार दांडगं, 3 म्हणजे बहुतेक घरांत रुळेल असं, 5 म्हणजे अगदी दबून जाणारं, 6 म्हणजे माणसाकडे फारसं लक्षच नसलेलं. मी आकडे लिहीत नाही, काय घडलं ते वहीत लिहिते. पायाच्या बोटांमधली कातडी चिमटून बघायचा भागही मी करत नाही. पंजा हातात घेऊन नखांना हात लावला की मला हवं ते कळतं.

चाचणी आई आणि भावंडांपासून दूर, पिल्लानं कधी न पाहिलेल्या खोलीत, अनोळखी माणसानं आणि एका वेळी एकाच पिल्लाची घ्यायची. शेजाऱ्यांचा वरचा फ्लॅट रिकामा होता, तो मागून घेतला. माझी पुतणी खाली बसली. तिला या पिल्लांनी पाहिलेलं नव्हतं. मी कोपऱ्यात वही घेऊन गप्प. पिल्लू नुकतं झोपून उठलेलं हवं, पेंगुळलेलं नको आणि भुकेनं कासावीसही नको. पुतणी टाळी वाजवून बोलावते, उठून चालू लागते, कागदाचा बोळा फेकते, पिल्लाला अर्धा मिनिट हलक्या हातानं उताणं धरते, दोरीला बांधलेला टॉवेल समोरून ओढत नेते, थोड्या अंतरावर छत्री उघडून खाली ठेवते. आणि स्टीलचं ताट फरशीवर टाकते.

ताटाचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि लोक तोच चुकीचा वाचतात. आवाजाला दचकलं म्हणजे भित्रं, असं नसतं. दचकायलाच हवं, कान शाबूत आहेत. बघायचं ते नंतर काय होतं. ताट पडताच निळी पडद्यामागे पळाली. पुतणीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, थांब. पडद्याखालून आधी नाक बाहेर आलं, मग एक पाय. पोट जमिनीला टेकवत ती ताटापर्यंत गेली, काठ हुंगला, त्यावर पंजा ठेवला. ताट डुगडुगलं तशी मागे सरली आणि पुन्हा पंजा ठेवला. शेवटी शेपटी हलवत पुतणीच्या मांडीवर. घाबरली आणि स्वतःच सावरली, असं पिल्लू मला सोन्यासारखं वाटतं.

जांभळी पळालीच नाही. जागच्या जागी थिजली, कान मागे, शेपटी पोटाशी. पुतणीनं उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा तुकडा नाकाशी नेला. घरी या तुकड्यासाठी ती भावंडांच्या अंगावरून उड्या मारते. तिथे तिनं तोंड फिरवलं. आवडता खाऊ नाकाशी असून पिल्लू खात नाही तेव्हा ते मनातून पार घाबरलेलं असतं. गप्प आहे, त्रास देत नाही, म्हणून लोक अशा पिल्लाला 'गरीब आहे हो' म्हणतात आणि घेऊन जातात. मग दिवाळीत ते पलंगाखालून दोन दोन दिवस बाहेर येत नाही, ओढायला गेलं तर चावतं.

ही चाचणी म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्यांची जन्मल्या जन्मल्या, मग 40 ते 50 दिवसांची असताना आणि पुढे दीड-दोन वर्षांची झाल्यावर पाहणी केली. 2014 साली ते काम प्रसिद्ध झालं. लहानपणीच्या वागण्यातलं मोठेपणी फारसं काही टिकलेलं त्यांना दिसलं नाही, नवी जागा धुंडाळायची हौस तेवढी थोडीफार टिकली होती. मग हा खटाटोप कशाला? कारण मला पिल्लाचं आयुष्य सांगायचं नसतं, त्याचे पहिले काही महिने सांभाळायचे असतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरला वर्षानुवर्षं कुत्र्यांवर काम करून दाखवलं की माणसांशी, आवाजांशी, जगाशी ओळख होण्याचा मुख्य काळ तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये असा आपल्या देशातल्या 2017 सालच्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांत दंडक आहे. मी विकत नाही, पण तो पाळते, कारण चावा किती हळू घ्यायचा हे आई आणि भावंडंच शिकवतात. म्हणजे नव्या घराच्या हाती या काळातला जेमतेम महिना येतो. घाबरणारं पिल्लू त्याच महिन्यात गोंगाटाच्या घरी गेलं तर पुढे भरून काढणं फार जड जातं.

म्हणून घराचीही चाचणी घेते, आणि ती जास्त कडक असते. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? दिवसभर घरी कोण? फरशी गुळगुळीत आहे का, घरात काठी किंवा वॉकर घेऊन चालणारं कुणी आहे का? मिरवणुका घरासमोरून जातात का? शेवटचा प्रश्न ऐकून लोक बुचकळ्यात पडतात. पण विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशे आणि डीजे ज्या खिडकीखालून जातात, त्या घरात मी जांभळीला पाठवणार नाही. निळीला पाठवीन, आणि पाठवलं. मेन रोडच्या बाजूला दोन शाळकरी मुलांच्या घरी ती आता रुळली आहे. लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या भीतीनं तिला रस्त्यावर खाली सोडायचं नाही, म्हणून मुलांची आई तिला पिशवीत घालून भाजीबाजार दाखवून आणायची.

लाल्याला सगळ्यात जास्त मागणी होती. उताणं धरल्यावर अर्धा मिनिट हात-पाय झाडत राहिला, गुरगुरला, सोडल्यावर पुतणीची ओढणी पकडून ओढत सुटला. सिन्नरकडचे एक काका म्हणाले, "ताई, हाच द्या, शेतावर राखणीला असाच तिखट लागतो." काका भले माणूस, पण मी नाही म्हटलं. राखणीला भुंकणं पुरतं, आणि ते बुजरं कुत्रंही करतं. दांडगं पिल्लू साखळीला बांधलं की त्याचा दांडगेपणा चावण्यात उतरतो. शिवाय आपल्याकडे ऊसपट्ट्यात बिबट्या आहे. रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं त्याला आयतंच मिळतं. लाल्या रोज पहाटे पळायला जाणाऱ्या एका तरुण जोडप्याकडे गेला. त्यांनी आधी कुत्रं सांभाळलेलं होतं आणि शिकवायची तयारी होती.

काकांना मी पिवळी सुचवली. बोलावलं तर एकदा बघून घ्यायची आणि पुन्हा खोली हुंगायला लागायची. माणसाच्या मागेमागे न करणारी, आपल्या तंद्रीत राहणारी, कशालाही न बिचकणारी. काका म्हणाले, "मादी कशाला? पिल्लांची कटकट." हे मला घरोघरी ऐकू येतं आणि दर वेळी तितकंच लागतं. नसबंदी केली की ती कटकट संपते, आणि खर्च मी उचलते म्हटलं. काकूंनी मध्ये पडून होकार दिला. अट एकच, रात्री पिवळी घरात झोपणार. काकूंनी पडवीला जाळीचं दार बसवून घेतलं, मग मी तिला नेऊन सोडलं.

हिरव्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मऊ स्वभाव, धरलं की आधी वळवळ आणि मग शांत. आजी-आजोबांच्या घरी गेला. अंगावर उड्या मारत नाही, हे तिथे सगळ्यात महत्त्वाचं होतं.

जांभळी अजून माझ्याकडे आहे. आता ताट लांबच्या खोलीत पडलं तर तुकडा खाते, जवळ पडलं तर नाही. तिच्यासाठी आतल्या गल्लीतलं शांत घर हवं आहे. लहान मुलं नकोत, दिवसा कुणीतरी घरी हवं. आधीचं एखादं शांत कुत्रं असेल तर फार बरं, ती त्याच्याकडे बघून शिकेल. बघायला याल तेव्हा तिला उचलून घेऊ नका, हाक मारू नका. चटईवर बसा, माझ्याशी गप्पा मारा, चहा घ्या. ती त्या दिवशी जवळ आली नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा या.