पायी, गोंयच्या सायबाकडे

सावंतवाडी-बांद्याकडच्या ख्रिस्ती घरांत नोव्हेंबर सरत आला की एकच चर्चा असते, यंदा चालत की गाडीने? ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, आणि त्याआधी २४ तारखेपासून नऊ दिवस नोवेना. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझस बासिलिकेत त्याचं शव ठेवलेलं आहे. आम्ही त्याला 'गोंयचो सायब' म्हणतो. गाडीने गेलं तर सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून दुपारच्या जेवणाला माणूस घरी परततो. चालत गेलं तर सत्तरेक किलोमीटर, वाटेत मुक्काम, आणि पुढचे काही दिवस जिना उतरताना कठडा धरायचा. आमच्या शेजारचे भजनी मंडळातले काका याला सरळ 'तुमची वारी' म्हणतात. आता आम्हीही तेच म्हणतो.

मी आजवर गाडीवाली. चालायचं ठरवलं ते नवस होता म्हणून नव्हे. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचं सगळं करता करता माझी प्रार्थना कधी कोरडी पडली ते कळलंच नाही. रविवारची मिस्सा चुकली नाही, रात्रीचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकला नाही. ओठ हलत होते, आत काही हलत नव्हतं. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेले तेव्हा फादरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "येत राहा." मला रागच आला. डॉक्टरसुद्धा निदान एक गोळी लिहून देतो! पण येत राहिले, कारण न येऊन काय करायचं तेही सुचत नव्हतं. मग नणंद राहायला आली आणि म्हणाली, "आईचं मी बघते, तू जा चालून ये."

शनिवारी पहाटे अंधारातच निघालो. पुढे लाकडी क्रूस, मागे सामानाचा टेम्पो, मधे आम्ही. इन्सुलीचा घाट टॉर्चच्या उजेडात उतरलो. बांद्यात उजाडलं, आणि एका घराच्या खळ्यात चहा तयार होता. दारात तुळशीवृंदावन, ओटीवर गणपतीची तसबीर. घरातली वहिनी आमच्या क्रूसाला हात जोडून प्रत्येकाच्या हातात कप देत होती. तिच्या सासूच्या वेळेपासून हे चालत आलंय म्हणे. पत्रादेवीला हद्द ओलांडली. तिथे हुतात्मा स्मारकापाशी थांबून पाणी प्यालो. १५ ऑगस्ट १९५५ला गोवामुक्तीचे सत्याग्रही याच वाटेने चालत आले होते आणि समोरून पोर्तुगिजांच्या गोळ्या आल्या होत्या. आमच्यापुढे फार तर ऊन होतं.

ते मात्र भरपूर होतं. चौपदरी झाल्यापासून महामार्गाला सावली उरलेली नाही. मालप्याच्या चढावर ट्रक अंगावरून जावा तशी गरम हवा सोडत जात होते. शनिवार म्हणजे तेर्सात आनंदाची रहस्यं, येशू-मारियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग. घरी ती मी हजारदा म्हटली असतील, पण घरी तेर्स पंधरा-वीस मिनिटांत उरकतो. इथे एक संपला की थोड्या वेळाने दुसरा, आणि परत तीच पाच रहस्यं. डोक्याला दुसरं काम नव्हतं, म्हणून ती पहिल्यांदाच नीट बघितली गेली. मारियेला दूताचा निरोप: लग्न व्हायच्या आत पोरीला दिवस जाणार. एलिझाबेथची भेट: त्याच अवस्थेत डोंगराळ मुलखात पायपीट. जन्म: बाळाला ठेवायला गव्हाण, कारण उतारशाळेत जागा नाही. मंदिरात अर्पण: तिथे म्हातारा शिमोन आईला सांगतो, तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. आणि पाचवं, हरवलेला मुलगा सापडला, पण कधी? तीन दिवस शोधून जीव टांगणीला लागल्यावर. म्हणजे आनंदाच्या पाचांपैकी एकही गोष्ट धडपणे आनंदाची नाही. हे मला इतकी वर्षं कुणी का सांगितलं नव्हतं? सांगितलंही असेल. तेव्हा माझं लक्ष वरणाच्या शिट्ट्यांकडे असणार.

चढ अर्धा झाला असेल तेव्हा पुढच्या पोराच्या हातातल्या लाऊडस्पीकरने मान टाकली. बॅटरी संपली. तर पुढचे लोक मोठ्याने 'नमो मारिये' म्हणू लागले आणि आम्ही मागून 'पवित्र मारिये'चं उत्तर देऊ लागलो. पण रांग लांब, मधे ट्रकांचा आवाज. थोड्याच वेळात पुढचे आमचं उत्तर पुरं व्हायच्या आधीच नवी सुरुवात करू लागले, मधल्यांनी भलतंच पकडलं, आणि शेपटाकडचे तर आणखी एक जप मागे. कुणीतरी ओरडलं, "अरे, कितवो?" पुढून उत्तर आलं, "सातवो!" मागून, "आमचो चौथो!" आणि सगळी रांग हसत सुटली. क्रूस धरणारा हसताना वाकला, त्याच्याबरोबर क्रूसही वाकला. फादर डोळे पुसत होते. मग कुणी दुरुस्त करायच्या भानगडीत पडलं नाही. दोन तेर्स एकमेकांत मिसळून चढ चढत राहिले. एक विनवणी संपायच्या आत दुसरी तिच्यावर येऊन पडत होती, मधे रिकामी जागाच नव्हती. मी पण म्हणत होते. टाच सोललेली, पाठीला घाम, आणि छातीत काहीतरी उघडलेलं. पुष्कळ दिवसांनी मी म्हणत होते ते मला ऐकू येत होतं.

एवढंच झालं. दर्शन नाही, आवाज नाही. असं कुणाला सांगितलं तर "म्हणजे हसलात?" असं विचारतात. हो, हसलो.

रात्री एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम होता. माझ्या डाव्या टाचेला आवळ्याएवढा फोड. आमच्यातली सगळ्यांत जुनी चालणारी एक मावशी, सत्तरीची, पायात रबरी चपला, ती सुईदोरा घेऊन आली. सुई मेणबत्तीवर धरली, फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढली, आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावरून हळूहळू झिरपतं आणि वरची कातडी शाबूत राहते. डॉक्टर लोक याला नाक मुरडतील. मला झोप लागली. काम करता करता मावशी म्हणाली, "पायाक इचारू नको गे. तो कधीच होय म्हणाचो नाय."

त्याच वेळी सेमिनरीतला, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण घेणारा, एक ब्रदर शेजारी बसून बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय वाचत होता: नाना परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा आनंदच माना, कारण त्यातून धीर उत्पन्न होतो. मावशी मान वर न करता म्हणाली, "याकोबाच्या पायाक फोड इले नसतले." ब्रदर बिचारा गप्प झाला. पण पोरगा हुशार होता. त्याने पुस्तक मिटलं आणि सायबाचीच गोष्ट काढली.

झेवियर जपानात होता. १५५०-५१चा हिवाळा. राजाला भेटून सगळ्या देशात उपदेशाची परवानगी मिळवायची म्हणून तो यामागुचीहून मियाकोला, म्हणजे आजच्या क्योतोला निघाला. बर्फातून, बराचसा पायी, एका घोडेस्वाराच्या मागे नोकरासारखा पळत. पाय सुजलेले. त्या वाटेवरची एक आठवण सांगितली जाते, की गडी इतका खुशीत होता की हातातलं सफरचंद वर उडवायचा आणि झेलायचा. मियाकोला पोचल्यावर काय झालं? लढायांनी शहर उजाड झालेलं, राजाकडे सत्ता नाही, भेटही नाही. काही दिवसांत हात हलवत परत. ब्रदर म्हणाला, सफरचंद उडवलं ते हे सगळं व्हायच्या आधी. मला वाटतं त्याला सुचवायचं होतं की आनंद यशाची वाट बघत थांबला नव्हता. मावशीला गोष्ट आवडली, पण तिला प्रश्न पडला की एवढ्या थंडीत सफरचंद मिळालं कुठून.

फिलिप्पैच्या तुरुंगात बायबलातल्या पौल आणि सिला यांना फटके मारून पाय खोड्यात अडकवले होते, आणि मध्यरात्री ते गात होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. मला ते नेहमी जरा अतीच वाटायचं. त्या रात्री व्हरांड्यात, पाय उशीवर ठेवून, तितकंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी. या पट्ट्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, नुसता रस्ता होता. फक्त कोलवाळजवळ आमच्यातल्या एका इतिहासाच्या सरांनी विषय काढला. १६८३ साली संभाजी महाराजांची फौज गोव्याच्या दाराशी येऊन ठेपली, तेव्हा व्हाइसरॉयने झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड त्याच्या हवाली केला होता. पुढे मोगल चालून येताहेत म्हटल्यावर महाराज मागे फिरले. आता आम्ही कुणाच्या बाजूने? शाळेत छत्रपतींचा इतिहास घोकलेले, आणि पाय सायबाकडे वळलेले. सर म्हणाले, दोन्हीकडून. याहून अवघड गोष्ट ही, की १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मागणारा झेवियरच होता. ते आलं १५६०ला, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. मी हे विसरून चालत नाही. संत झाला म्हणून माणसाची सगळी पत्रं पवित्र होत नाहीत. त्याची मध्यस्थी मागते, त्याचं ते पत्र मागत नाही.

शेवटच्या दिवशी पहाटे मांडवी ओलांडून रायबंदरच्या जुन्या पोर्तुगीज बांधावर आलो. हा तीनेक किलोमीटरचा दगडी रस्ता १६३३-३४चा, दोन्हीकडे मिठागरं आणि खारफुटी. इथे वेगवेगळ्या गावांचे जथे एकत्र होतात. कोंकणी, मराठी, बेळगावकडची कानडी, सगळे आपापल्या भाषेत एकाच लयीत.

बासिलिकेत शवपेटीपाशी मला काय वाटलं? खरं सांगायचं तर काही नाही. गोव्याच्या सोनारांनी १६३७ साली घडवलेली ती चांदीची पेटी उंचावर, खाली टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला संगमरवरी चौथरा, आणि मागून स्वयंसेवक, "फुडें चला, फुडें चला." क्षणभर मान वर केली, क्रूसाची खूण केली आणि रेट्याबरोबर बाहेर आले. बाहेर मंडपात मिस्सेला उभी राहिले तेव्हा गुडघे लटपटत होते. तीही मिस्सा बरीचशी कोरडीच गेली. पण या वेळी फादरांचा राग आला नाही. 'येत राहा' ही पण गोळीच असते, फक्त तिचा कोर्स लांबचा.

फेरीत, म्हणजे फेस्ताच्या बाजारात, मेणाचे हातपाय विकायला मांडले होते. ज्याचं जे दुखतं ते घेऊन सायबाला वाहायचं. मावशीने मला मेणाचा पाय दाखवला आणि हसली. मी खाजं घेतलं, गूळ-आल्याचं, तिळाचं.

घरी पोचले तर सासूबाई जाग्या होत्या. अर्धं तोंड वाकडं झाल्यामुळे त्यांचं बोलणं सवय असल्याशिवाय कळत नाही. सायब कसा होता, गर्दी किती होती, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. "खाजां हाडलंस?" एवढंच. दात नाहीत, म्हणून मी एक कांडी खलबत्त्यात जराशी ठेचून चमच्याने दिली. त्या बराच वेळ चघळत राहिल्या, मग तक्रार केली, "आला जास्त पडलाहा." आणि धडका हात पुढे केला, आणखी दे म्हणून.