१२० पानांचा मे

मंगळवार

मे महिन्यातल्या कोकणाबद्दल मुंबईकडच्या लोकांची एक ठाम समजूत असते, की पोरं दिवसभर झाडावर नाहीतर पाण्यात. समुद्र आमच्या वेंगुर्ल्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पण सकाळचे दहा वाजले की वाळूवर पाय ठरत नाही, खळं, म्हणजे अंगण, तापतं, आणि मग चार वाजेपर्यंत सगळी पलटण पडवीत. माझी दोन आणि ननंदेची डोंबिवलीहून तुतारी एक्स्प्रेसने आलेली दोन. वीज असेल तर पंख्याखाली, नसेल तर शेणाने सारवलेल्या जमिनीवर पालथी. निम्मी सुट्टी अशी घरातच जाते.

आज एका मैत्रिणीने फोनवर ‘सुट्टीत मुलांना गुंतवून ठेवण्याचे उपाय’ अशी लांबलचक यादी पाठवली. चमकी, रंगीत माती, कागदी कप, पिसं. सगळं बाजारातून आणायचं, तासाभरात संपवायचं आणि चमकी पुढे महिनाभर भातात सापडत राहायची. मी यादी वाचली आणि पोरांना रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसवलं.

हे काम त्यांना आवडतं, कारण यात हात-पाय-कपडे लाल करायला कुणी ओरडत नाही. गर आणि बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. आगळ आणि आमसुलं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतःकडेच ठेवतात. मिठाचा अंदाज त्यांनी अजून मलासुद्धा दिलेला नाही. बियाही त्याच वाळवतात, मुटेलासाठी, म्हणजे कोकमाच्या तेलासाठी. पोरांच्या वाट्याला अमृत कोकमाची बरणी. सालाच्या वाटीत साखर भरायची, वाट्या एकावर एक रचायच्या, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायची. बरणी बाहेर ठेवून पाच मिनिटं झाली नाहीत तोच धाकटी विचारायला आली, “झालं सरबत?”

गुरुवार

घरातल्या पत्त्यांच्या जोडात इस्पिकची राणी नाही. तिच्या जागी औषधाच्या खोक्याचा तुकडा आहे आणि तो पाठीमागूनही ओळखू येतो. त्यामुळे झब्बू असो की मेंढीकोट, डाव भांडणानेच मोडतो. आजचा मोडल्यावर भाचा म्हणाला, “मामी, आपणच पत्ते करूया ना. ते राजवाड्यातले, गोल.”

मागच्या सुट्टीत त्याला सावंतवाडीचा राजवाडा दाखवला होता. तिथे दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. बोटभर जागेत अख्खा देव, मुकुटासकट. ही कला जवळजवळ संपत आली होती. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी १९७०च्या दशकात ती पुन्हा उभी केली, म्हणून आपल्याला बघायला तरी मिळते. पोराने तेव्हाच जोड मागितला होता. किंमत ऐकून आम्ही त्याला मोती तलावाच्या काठावर आइस्क्रीम दिलं आणि घरी आणलं. तो विसरला असेल असं मला वाटलं होतं.

दशावतारी गंजिफात १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पानं. माझ्या थोरल्याने लगेच वही काढली. एक ते दहाची बेरीज ५५, म्हणजे एका रंगात ५५ चिन्हं, दहा रंगांत ५५०, वर राजा-प्रधानांची २० चित्रं. आकडा ऐकून गाडी थंडावेल अशी माझी अटकळ होती. पण “५५ मासे मी काढणार!” म्हणून धाकटी उभी राहिली आणि विषय संपला.

“माळ्यार लग्नपत्रिकांची पिशवी आसा, ती काढ,” आई आतून म्हणाल्या. आमच्याकडे पत्रिका टाकत नाहीत. वर गणपती छापलेला असतो, तो कचऱ्यात कसा टाकायचा? त्यामुळे गावातल्या एवढ्या वर्षांच्या लग्नांचा जाड, उत्तम कागद माळ्यावर पडून होता. आधी सगळे गणपती कापून देवाकडे ठेवले. मग भाचीची बांगडी ठेवून पेन्सिलने गोल, आणि कापाकापी. संध्याकाळी पडवी झाडताना कुठल्या तरी वराचा ‘चि.’ आणि कुठल्या तरी वधूची ‘चि. सौ. कां.’ सुपलीत एकत्र आली.

शुक्रवार

एक पत्रिका म्हणजे पान पातळ. दोन गोल एकमेकांना चिकटवायचे ठरलं. नवरा फेविकॉलची बाटली घेऊन आला, पण भाच्याला राजवाड्यातलं आठवत होतं. जुनी पानं कापडाच्या थरांची, चिंचोक्याच्या खळीने जोडलेली, वर लाखेचा लेप. लाख आमच्या आवाक्यात नाही. चिंचोके मात्र डबाभर आहेत.

मग दुपारभर तेच. चिंचोके तव्यावर भाजले की वरचं तांबडं साल सुटतं. ते खलबत्त्यात फोडून काढलं, आतला पांढरा भाग भिजत घातला आणि संध्याकाळी मिक्सरला लावला. (पाट्यावर वाटायचा उत्साह तीन मिनिटं टिकला.) पातळ करून मंद विस्तवावर ढवळत राहिलं की चकचकीत, दाट खळ होते. वास फार छान नाही. पण चिकटते अशी, की धाकटीची दोन बोटं सोडवायला कोमट पाणी घ्यावं लागलं. रात्री गोल जोडून पाट्याखाली दाबून ठेवले, म्हणजे अखेर पाटा कामाला आलाच.

सोमवार

रंगकाम. आमच्या पडवीत एवढी शांतता मे महिन्यात मी ऐकलेली नाही.

मत्स्याचे मासे धाकटीने अंगठ्याच्या ठशाने केले. अंगठा रंगात बुडवून टेकवायचा, मागे शेपटी, पुढे टिकली. कूर्माला अर्धा बटाटा. बुद्धाच्या रंगाचं चिन्ह कमळ, त्यासाठी भेंडी आडवी कापली. देठाकडची चकती पाच पाकळ्यांचं फूल उठवते. रामाचे बाण आई मारत होत्या, माडाच्या हिराची काडी रंगात बुडवून, एकेक सरळ. मी इतक्या वर्षांत त्यांना चित्र काढताना पाहिलं नव्हतं. त्यांना म्हटलं तर म्हणाल्या, “ह्यां चित्र न्हय गो, काड्ये आसत.” नवरा कल्कीच्या तलवारी काढायला बसला आणि जेवायला उठेना. कृष्णाच्या ५५ गाई कुणालाच जमेनात, म्हणून नुसतं तोंड आणि शिंगं यावर तडजोड झाली.

वराह भाचीच्या वाट्याला आला. तिने मन लावून काढला, आणि तो शेजारच्यांच्या जाड्या मांजरासारखा झाला. थोरला हसला, ती रडली. नवऱ्याने मांजराला दोन सुळे काढून दिले, तेव्हा निभावलं.

एक प्रश्न थोरल्याने काढला. तो दरवर्षी जत्रेला रात्रभर दशावतार बघतो. गणपती येतो, सरस्वती येते, संकासूर येऊन सगळ्यांची टर उडवतो, मग आख्यान लागतं. “त्याला दशावतार म्हणतात, पण त्यात दहा अवतार कुठे असतात? इथे पत्त्यांत तरी सगळे भेटले.” नवरा म्हणाला, संकासुराला विचार. मग ओढणी डोक्याला गुंडाळून थोरला स्वतःच संकासूर झाला आणि मालवणीत सगळ्या अवतारांची हजेरी घेत सुटला. परशुरामाला म्हणाला, “तुया समुद्र मागे सारलंस, मग आमची बाव कित्याक आटली?” आई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

चार वाजता वीज आली तसे थोरला आणि भाचा उठून मोबाइलवर गेले. गंजिफाने मोबाइलला हरवलं वगैरे काही नाही. तासभर खेळले, परत येऊन गाईंना शिंगं काढू लागले.

बुधवार

सकाळपासून ढग. खळ्यात एका बाजूला आमसुलं, दुसऱ्या बाजूला ताटांमध्ये आंब्याची साठं, मधे चादरीवर सुकायला घातलेली १२० पानं. साठांचा रस रायवळचा. रोज आधीच्या थरावर नवा थर द्यायचा, वर पातळ फडकं, भोवती मुंग्यांवर पहारा. आज शेवटचा थर होता.

तीनच्या सुमाराला वारा सुटला, माड वाकले, आणि टपोरे थेंब. पोरं चादरीकडे धावली. आई पडवीतून ओरडल्या, “आधी माझी साठां उचला! चित्रां मगे!” क्षणभर चौघं अडखळली. मग थोरला साठांकडे वळला, भाच्याने चादरीची चार टोकं धरून गाठोडं केलं, मी आमसुलांची सुपं उचलली. धाकटी अमृत कोकमाची बरणी दोन्ही हातांनी कवटाळून आत आली, तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

कूर्माचा अठ्ठा आणि वामनाचा प्रधान भिजले. एका साठावर पावसाचे वण उठले. ते साठ आम्ही तिथेच खाऊन टाकलं.

शनिवार, रात्री

अखेर डाव मांडला. नियम सावंतवाडीतल्या एका ओळखीच्या आजोबांना फोन करून घेतले. खेळणारे तिघं, प्रत्येकाला ४० पानं. गोल पानांचा पंखा लहान हातात मावत नाही, म्हणून अर्धी पानं मांडीवर झाकून. निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दहा मोठा, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. पत्त्यांतल्यासारखा हुकमाचा वेगळा रंग नाही. कुठल्याही रंगात बाहेर उरलेलं सगळ्यात मोठं पान तेच त्या घडीला हुकूम. म्हणजे काय पडलं आणि काय राहिलं ते सारखं डोक्यात ठेवायचं. मला दहा मिनिटांत घाम फुटला. सरळ सांगायचं तर खेळ अवघड आहे, आणि मुलांना रमवायला सोपा खेळ हवा हे म्हणणं मला आता पटत नाही. भाचीला सगळी पानं आठवत होती. वराहावरून रडलेली हीच.

उतारीचा नियम सगळ्यात गमतीचा. दिवसा रामाच्या रंगाचा राजा असलेल्याने खेळ सुरू करायचा, रात्री कृष्णाच्या रंगाचा राजा असलेल्याने. आणि आम्ही बसलो नेमकं तिन्हीसांजेला. राम थोरल्याकडे, कृष्ण भाच्याकडे. थोरला म्हणे सूर्य अजून पाण्यावर आहे, जाऊन बघा. भाचा म्हणे घरात काळोख आहे. दोघं खरंच गडग्यापर्यंत जाऊन आले आणि तरी पटेना. शेवटी आई निरंजन घेऊन उठल्या. “देवाकडे दिवो लागलो काय रात झाली.” त्यांनी वात पेटवली आणि भाच्याने कृष्ण जमिनीवर आपटला. थोरल्याचं म्हणणं आहे की आजीने नातवांत डावं-उजवं केलं. आई म्हणतात, दिवा रोज त्याच वेळेला लागतो.

पहिला डाव भाचीने जिंकला, दुसरा जेवणाच्या हाकेत विरला.

रविवार

परवा भाचरं जाणार. सकाळपासून वाद, जोड कुणाचा? नवऱ्याने सुचवलं, पाच रंग इथे, पाच डोंबिवलीला. भाचा म्हणाला, “मामा, राम इथे आणि कृष्ण तिथे ठेवला तर दिवसा वेंगुर्ल्यात आणि रात्री डोंबिवलीत खेळायचं का?” ननंद फोनवर ऐकत होती, ती म्हणाली, तुमचा जोड तुम्हीच ठेवा, आम्ही आमचा करू, फक्त खळ शिजवायला मला सांगू नका.

आईंनी तोवर एका पुडीत चिंचोके बांधले होते, उरलेल्या पत्रिका दोरीने आवळल्या होत्या, आणि अमृत कोकम बाटलीत गाळून झालं होतं. बाटली गाडीत कुणी धरायची, यावर आता वाद सुरू आहे. डोंबिवलीचा जोड करायला भाची तयार आहे. तिची एकच अट, की वराह तिचा भाऊ काढेल.