ढब्बूचं घर

लेकाच्या हट्टापायी आमच्या न्यू जर्सीच्या फ्लॅटमध्ये पॅकमन बेडूक आला. मूळचा अर्जेंटिना-पॅराग्वेकडचा, नाव ढब्बू. दिवसभर मातीत रुतून बसणार, वर फक्त दोन डोळे.

काचपेटीत तळाला, जास्तीचं पाणी निथळायला, भाजक्या मातीच्या गोळ्या, त्यावर जाळी, मग पाच इंच माती आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पहिल्या खेपेला जाळी घालायलाच विसरले. आठवडाभरात माती गोळ्यांत उतरली आणि खाली नुसता चिखल! सगळं उपसलं. आता मिश्रण मुठीत आवळून बघते: ढेकूळ व्हायला हवं, पाणी गळायला नको.

वर ओकची वाळकी पानं. त्यांच्याखाली स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे किडे आणि हात लावला की गोळी होणारे आयसोपॉड. बुरशी, कुजकं ते फस्त करतात. पण ढब्बूची शी त्यांच्या आवाक्याबाहेरची, ती चमच्याने मीच काढते. (तो चमचा वेगळा आहे, आई!) नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याच्या कातडीला सोसत नाही, म्हणून पाण्यात आधी औषधाचे थेंब.

मनीप्लांट त्याने तीनदा उपटला. आता कुंडीसकट पुरलाय. काल रात्री बघितलं, तर साहेब कुंडीतच बसलेले.