ट्रक त्याचा, मग तो नोकर कसा?

मी कॅलिफोर्नियात ट्रकवाल्यांचे टॅक्स भरून देते हे कळलं की हा प्रश्न येतोच. पुण्याचे नातेवाईक विचारतात, इथली आयटीतली मंडळीही विचारतात: ट्रक ड्रायव्हरच्या नावावर, डिझेल तो भरतो, विमा तो काढतो, मग कायदा त्याला कंपनीचा नोकर का म्हणतो? तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

एप्रिल २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डायनामेक्स या कुरिअर कंपनीच्या खटल्यात निकाल दिला. कंपनीने २००४ साली आपले पगारी ड्रायव्हर एका फटक्यात कंत्राटदार करून टाकले होते. न्यायालय म्हणालं, माणूस कर्मचारीच धरायचा. तसा नसेल तर ते कंपनीने सिद्ध करायचं. तेही तिन्ही बाबतींत: त्याच्या कामावर कंपनीचा ताबा नाही, ते काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं आहे, आणि त्याचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय आहे. हीच कसोटी २०१९ मध्ये 'एबी ५' या कायद्यात आली आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झाली.

गाडी अडते दुसऱ्या अटीवर. कपड्यांच्या दुकानाने नळ दुरुस्त करायला प्लंबर बोलावला तर तो दुकानाचा नोकर नव्हे. पण मालवाहतुकीच्या कंपनीने माल वाहायला माणूस बोलावला, तर ते काम तिच्या धंद्याबाहेरचं कसं म्हणणार? मग ट्रक कुणाच्याही नावावर असो.

हे जाचक वाटत असेल, तर बंदरावरून कंटेनर ओढणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरची आठवड्याची सेटलमेंट शीट बघा. वर फेऱ्यांचे पैसे. खाली वजावटी: ट्रकच्या लीजचा हप्ता, डिझेल, विमा, पार्किंग. ट्रक अनेकदा कंपनीनेच लीजवर दिलेला. दुसऱ्या कंपनीचा कंटेनर ओढायची मुभा नाही, आणि काम सोडलं की ट्रकही जातो, भरलेले हप्तेही जातात. शेवटचा आकडा उणे असलेल्या शीटही माझ्याकडे आल्या आहेत, म्हणजे आठवडाभर राबून माणूसच कंपनीचं देणं लागतो. मालक म्हणे! नाव सोनूबाई. वर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरचा (म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा) १५.३ टक्के कर सगळा त्याच्या डोक्यावर. पगारदार असता तर निम्मा कंपनीने भरला असता. शिवाय कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्याचा कामापायी झालेला खर्च मालकाने भरून द्यावा लागतो. खरी मेख ती आहे. डिझेलचं बिल कुणाच्या खिशातून जाणार, यावरच ही सगळी लढाई आहे.

पण माझ्याकडे दुसऱ्या प्रकारचेही लोक येतात. स्टॉकटन, फ्रेस्नोकडचे पंजाबी ट्रकवाले, ट्रकचं कर्ज फेडलेले, परवडेल तोच लोड उचलणारे. त्यांना कुणाची नोकरी नकोच आहे. कायद्यात 'धंद्याचा धंद्याशी व्यवहार' म्हणून सूट आहे, पण तिला डझनभर अटी. कॅलिफोर्निया ट्रकिंग असोसिएशन कोर्टात गेली. वाहतूकदारांचे दर, मार्ग आणि सेवा यांत राज्यांनी ढवळाढवळ करू नये असा १९९४ चा केंद्रीय कायदा आहे, त्यावर त्यांची भिस्त होती. ३१ डिसेंबर २०१९ ला, अगदी आदल्या दिवशी, ट्रकवाल्यांपुरती स्थगिती मिळाली. २०२१ मध्ये अपील कोर्टाने ती उठवायचा निकाल दिला, आणि जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. जुलैत ट्रकवाल्यांनी ओकलंड बंदराची फाटकं रोखून धरली. मला त्यांचा राग पटला होता. तरीही लीजवाल्यांच्या शीट पाहिल्यावर हा कायदा नसता तर बरं झालं असतं, असं माझ्याच्याने म्हणवत नाही. दुसरी अट जरा बोथट आहे, एवढं मात्र म्हणेन. पूर्व किनाऱ्यावरच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या तशाच अटीला केंद्रीय अपील कोर्टाने २०१६ मध्ये फेडेक्स ग्राउंडच्या खटल्यात १९९४ च्याच कायद्यावर बोट ठेवून बाजूला सारलं होतं. इथल्या अपील कोर्टाला तो युक्तिवाद पटला नाही. एकच देश, दोन किनारे.

आणखी एक गुंता. केंद्रीय टॅक्स खातं आपली वेगळी कसोटी लावतं, मुख्यतः ताबा कुणाचा ते बघतं. त्यामुळे हातात १०९९ फॉर्म, म्हणजे कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा टॅक्सचा कागद, आला म्हणून राज्याच्या कायद्यातही तुम्ही कंत्राटदार ठरता असं नाही.

तुमच्या एखाद्या भाच्याला कुणी 'स्वतःचा मालक हो' म्हणत लीजवर ट्रक देत असेल, तर सही करण्याआधी त्याला कागदात दोनच गोष्टी शोधायला सांगा: तो ट्रक दुसऱ्या कंपनीच्या लोडला नेता येतो का, आणि मधेच सोडलं तर भरलेल्या हप्त्यांचं काय होतं.