ट्रिपल सीट

मागच्या पावसाळ्यात रात्री दीड-दोनला खालून धाडधाड आवाज आला, जाऊन बघतो तर सात गाड्यांच्या काचा फुटलेल्या आणि माझ्या ॲक्टिव्हाची सीट कोयत्याने उभी फाडलेली, आतला स्पंज बाहेर. पुण्यात राहत असाल तर यात नवीन काही नाही म्हणा. २०२३ मधे तर कोयता विकताना गिऱ्हाईकाचं आधार कार्ड बघा असं दुकानदारांना सांगायची वेळ आली होती!

सीसीटीव्हीत एका मोपेडवर तिघं, ट्रिपल सीट. एक मागच्या वस्तीतला, त्याची आई आमच्याच बिल्डिंगमधे चार घरची धुणीभांडी करते. एक आमच्याच सोसायटीतला, वडील बँकेत. आणि मोपेड ज्याची तो पलीकडच्या बंगल्यातला. तिघंही सतराच्या आतले. कारण काय, तर कुणीतरी त्यांच्या 'भाई'च्या रीलखाली उलटी कमेंट टाकली.

चौकीत वस्तीतल्या पोराची आई सकाळपासून बाकड्यावर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत शाळेचा दाखला, पोराचं वय सिद्ध करायला. बँकवाले काका बाहेर झाडाखाली, पेपरात नाव येईल का एवढंच विचारत होते (येत नाही, कायद्यानेच बंदी आहे). बंगल्यातून वकील आला, दहा मिनिटं बसला आणि गेला.

कायद्यात तिघांनाही एकच शब्द, विधिसंघर्षग्रस्त बालक. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एक 'वस्तीतला गुंड' आणि बाकीचे दोघं 'संगतीने बिघडले बिचारे'. अरे पण मोपेड कोणाची होती? दोघं तिसऱ्या दिवशी घरी, वस्तीतला तीन आठवडे निरीक्षणगृहात, आधीची एक मोबाईल चोरीची केस होती म्हणे.

मे २०२४ ला कल्याणीनगरात त्या पोर्शेखाली दोन जीव गेले आणि ती चालवणाऱ्या अल्पवयीन पोराला जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध, तेव्हा हाच ग्रुप पेटला होता, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात डॉक्टर आत गेले तेव्हा तर विचारूच नका, फाशीपर्यंत गेले होते लोक. आपल्या गल्लीतल्या बंगल्याची गोष्ट निघाली की सगळ्यांचं टायपिंग बंद.

तिसऱ्या मजल्यावरच्यांनी त्या बाईंचं काम काढून घेतलं. बंगल्यातला पोरगा बाहेरगावी होस्टेलला गेला.

सीटला अजून चिकटपट्टीच आहे. परवा पार्किंगमधे वस्तीतला तो भेटला, आता एका गॅरेजला जातो. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काका, सीट कव्हर टाकून देऊ का?" किती होतील विचारलं, तर म्हणे साडेचारशे.