गांजा न घेतलेली सकाळ

सॅन डिएगो येथे मी एचआयव्हीबाधित व्यक्तींच्या बोधनक्षमतेवर, म्हणजे स्मरण, अवधान, नियोजन आणि विचारांचा वेग यांवर, संशोधन करते. आमच्या सध्याच्या प्रकल्पाचा प्रश्न असा आहे की, नियमितपणे गांजा घेणाऱ्या बाधितांच्या मेंदूला त्याचा अपाय होतो की काही अंशी संरक्षण मिळते. गेल्या हिवाळ्यात झालेल्या एका तपासणीमुळे, हा प्रश्न आम्ही ज्या रीतीने विचारतो त्या रीतीविषयीच मला शंका आली आणि ती अजून फिटलेली नाही.

संरक्षणाची शक्यता ऐकून बाहेरच्यांना आश्चर्य वाटते, म्हणून थोडे सांगायला हवे. एचआयव्ही चेतापेशींमध्ये सहसा शिरत नाही. तो रक्तातल्या मोनोसाइट पेशींमधून मेंदूत पोचतो आणि तिथल्या मायक्रोग्लिया व मॅक्रोफेज या संरक्षक पेशींमध्ये ठाण मांडतो. या पेशींतून बाहेर पडणारी दाहक द्रव्ये आणि विषाणूची टॅट व जीपी१२० ही प्रथिने यांमुळे आसपासच्या चेतापेशींची हानी होते. औषधांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, तरी हा दाह पूर्णपणे शमत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चार्टर’ या अमेरिकी अभ्यासात १,५५५ बाधितांपैकी ५२ टक्के व्यक्तींची बोधनक्षमता उणी आढळली होती. त्यांतील बहुतेकांची उणीव सौम्य होती, परंतु ती होती. गांजातले टीएचसी हे द्रव्य चेतापेशींवरच्या सीबी१ या ग्राहींवर, म्हणजे असे द्रव्य येऊन चिकटते त्या प्रथिनांवर, काम करते, आणि हे ग्राही स्मरणाशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाटीने असतात. गांजा घेतल्यावर विसराळूपणा येतो तो त्यामुळेच. सीबी२ हे ग्राही मात्र मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतात आणि ते उद्दीपित झाले की दाह कमी होतो. एकाच पदार्थाकडून हानी आणि उपकार या दोहोंची अपेक्षा करावी लागते, ती अशी.

ज्या गृहस्थांविषयी मी लिहीत आहे ते साठी ओलांडलेले, निवृत्त सुतार. त्यांना लागण झाली ती १९९६ च्या आधी, म्हणजे प्रभावी संयुक्त औषधोपचार उपलब्ध होण्यापूर्वी. त्यांच्या सीडी४ या रोगप्रतिकारक पेशी एके काळी रक्ताच्या घन मिलिमीटरमागे ५० च्याही खाली गेल्या होत्या, आणि ही गोष्ट मेंदूच्या दृष्टीने वाईट समजली जाते. पुढे औषधांनी ते वाचले. परंतु त्या औषधांतील स्टॅव्हुडिनमुळे पायांच्या चेतांना इजा होते, आणि विषाणूमुळेही होते. त्यांच्या तळपायांची आग गेली अनेक वर्षे थांबलेली नाही. त्यासाठी ते रोज गांजा घेतात आणि त्यात वावगे काही नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ सालीच गांजाच्या वैद्यकीय वापराला मान्यता दिली, आणि एचआयव्हीतील याच वेदनेवर सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गांजा ओढणाऱ्यांची वेदना ३४ टक्क्यांनी, तर टीएचसी काढून टाकलेला गांजा ओढणाऱ्यांची १७ टक्क्यांनी कमी झाली होती.

आमच्या नियमानुसार तपासणीच्या दिवशी सकाळी गांजा घ्यायचा नसतो. नशेच्या अमलाखाली चाचणी झाली तर गुणांना अर्थ उरत नाही, हे कारण रास्त आहे. बरेच जण हा नियम सैलपणे पाळतात, आणि लघवीच्या तपासणीवरून आम्हाला ते कळत नाही, कारण रोज घेणाऱ्याच्या लघवीत गांजाची खूण कित्येक दिवस, कधी कधी आठवडे टिकते. या गृहस्थांनी मात्र नियम शब्दशः पाळला होता. आदल्या दुपारपासून त्यांनी काहीच घेतले नव्हते, आणि रात्री त्यांना झोप लागली नव्हती.

मी समोर खाचांची पाटी ठेवली. तिच्यात २५ भोके असतात आणि प्रत्येकाची खाच वेगळ्या दिशेला असते. धातूची खुंटी बोटांत फिरवून खाचेशी जुळवल्याशिवाय ती आत बसत नाही. सुताराच्या हातांना हे काम नवे नव्हते. खुंटी वाटीतून उचलतानाच ते अंगठ्याने तिची कड चाचपून घेत, हे मी फार थोड्या जणांत पाहिले आहे. पण टेबलाखाली त्यांनी बूट काढून ठेवले होते, आणि दर थोड्या वेळाने पायांची बोटे आवळली जात, त्या क्षणी हात थांबत असे. आकड्यांच्या चाचणीत तर हे अगदी स्पष्ट दिसले. तिच्यात दर तीन सेकंदांनी एक अंक ऐकू येतो आणि तो आधीच्या अंकात मिळवून उत्तर सांगायचे असते. एकदा धागा तुटला की पुन्हा पकडणे कठीण. त्यांचा धागा पायांच्या प्रत्येक कळेबरोबर तुटत होता. शब्दांच्या चाचणीत १२ शब्द तीनदा वाचून दाखवले, तेव्हा त्यांना त्यांतले थोडेच ग्रहण करता आले; परंतु जे ग्रहण झाले ते सुमारे वीस मिनिटांनंतरही शाबूत होते.

या नमुन्याचा अर्थ काय लावायचा? साठवलेले टिकते आहे म्हणजे अल्झायमरची शंका बरीच कमी होते, हे समाधान खरे. परंतु नवे ग्रहण करण्यातली उणीव विषाणूमुळे असू शकते, दीर्घकाळ घेतलेल्या गांजामुळे असू शकते, गांजा अचानक थांबवल्यामुळे असू शकते, आणि जागरण व वेदना यांमुळेही असू शकते. गुणांच्या रकान्यात या चारांचे चेहरे एकसारखेच दिसतात.

चाचण्या संपल्यावर त्यांनी विचारले, “डॉक्टर, मी घरी जाऊन माझे औषध घेतो आणि संध्याकाळी परत येतो. तेव्हा पुन्हा तपासाल का? माझे रोजचे दिवस तसे जातात.” मला नकार द्यावा लागला. एकाच दिवशी तीच चाचणी पुन्हा दिली तर सरावाने गुण वाढतात, आणि गांजा घेतलेल्या अवस्थेतील तपासणीला नीतिसमितीची मंजुरी नाही. दोन्ही कारणे बिनतोड आहेत. तरीही त्यांचा प्रश्न आमच्या संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत शास्त्रशुद्ध प्रश्न होता असे मला वाटते. चष्मा लावणाऱ्याची नजर चष्मा काढून तपासायची आणि त्यावरून तो दिवसभर कसा वावरतो हे ठरवायचे, तसे हे झाले.

त्यांच्या खिशात दुकानातून घेतलेली डबी होती. लेबलावर टीएचसीचे प्रमाण २००७ च्या त्या चाचणीतील ३.५६ टक्क्यांच्या कित्येक पट छापलेले होते. ती डबी प्रयोगशाळेत तपासायला घेण्याची मला परवानगी नव्हती, कारण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७० साली गांजा नियंत्रित द्रव्यांच्या सर्वांत कडक अनुसूचीत घातला. शहरातल्या दुकानात कोणीही प्रौढ माणूस विकत घेऊ शकतो ती वस्तू त्याच शहरातल्या संशोधकाला हाताळता येऊ नये, हा प्रकार मला संतापजनक वाटतो. वर्षानुवर्षे अमेरिकेत संशोधनासाठी मिसिसिपी विद्यापीठात पिकवलेला सौम्य गांजाच काय तो मिळत असे, आणि लोक घेतात तो गांजा कशाने बनलेला आहे याविषयी आम्ही त्यांच्या तोंडी माहितीवर विसंबून राहिलो.

नंतरच्या बैठकीत त्यांचा निकाल लागला. प्रत्येक चाचणीचे गुण वय, शिक्षण वगैरेंनुसार प्रमाणित करून त्यांतल्या उणिवांची सरासरी काढतात, आणि ती ०.५ किंवा त्याहून अधिक आली की व्यक्ती उणीव असलेल्यांच्या गटात जाते. ते थोड्या फरकाने त्या गटात गेले. दैनंदिन व्यवहारात अडचण नसल्यामुळे एचआयव्हीतील बोधन-विकारांच्या २००७ च्या निकषांनुसार ‘लक्षणरहित’ असा शेरा मिळाला. मग इतर कारणांचा विचार झाला. आमच्या तक्त्यात प्रत्येक कारणाला आनुषंगिक, साहाय्यक किंवा निदान अशक्य करणारे अशी श्रेणी देतात. गांजाला ‘साहाय्यक’ श्रेणी द्यावी यावर चटकन एकमत झाले. त्या सकाळी गांजा नसणे हेही एक कारण असू शकते, असे मी म्हटले, तेव्हा आमच्या संख्याशास्त्रज्ञांनी शांतपणे विचारले की, ते कोणत्या रकान्यात भरायचे. तसा रकाना नाहीच. माणसे हुशार आहेत, कष्टाळू आहेत, पण तक्त्यात जागा नसलेली गोष्ट त्यांना घडलेलीच वाटत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सॅन डिएगोतील सहकाऱ्यांच्या मदतीने या चाचण्या मराठीत आणल्या गेल्या, तेव्हाही हाच धडा होता. अमेरिकी लोकांच्या गुणांवरून ठरलेली प्रमाणके तिथे लावली असती तर निरोगी माणसेही उणी ठरली असती. म्हणून तिथल्या बाधित नसलेल्या लोकांना तपासून तुलना करावी लागली. कमी गुण आणि मेंदूचा बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनीही आता स्पष्ट म्हटले आहे.

काही आठवड्यांनी त्यांनी फोन करून निकाल विचारला. त्या दिवशी गुण कमी आले आणि त्यामागे एकाहून अधिक कारणे असू शकतात, एवढे मी सांगितले. त्यांनी विचारले, “मग पुढच्या वेळी मी काय करू?” नियम बदललेला नाही, हेच मला सांगावे लागले. पुढच्या फेरीपासून प्रत्येक मोठ्या चाचणीपूर्वी वेदनेची पातळी आणि आदल्या रात्रीची झोप नोंदवण्याची माझी सूचना मान्य झाली आहे. शेवटचा गांजा किती तासांपूर्वी घेतला याची नोंद आणि नेहमीच्या मात्रेनंतरची वेगळी तपासणी, हा प्रस्ताव नीतिसमितीपुढे आहे. त्यांची त्या सकाळची नोंद मात्र आमच्या माहितीसंचात आहे तशीच राहील: गांजा नियमित घेणारे, बोधनक्षमता उणी.